८ चं फॅक्टोरियल उणे येतं तेव्हा: एक प्रोग्राम, पाच लँग्वेज



मागच्या महिन्यात माझ्या मावसबहिणीचा मेसेज आला. ती यंदा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. "दादा, इथे एक क्लास आहे. सी, पायथन, जावा आणि जावास्क्रिप्ट, चारही तीन महिन्यांत. फी बावीस हजार. पप्पा म्हणतायत भरतो. भरू का?"

मी तिला लगेच लिहिलं, "थांब, दोन दिवस दे." कारण हा प्रश्न मला सात-आठ वर्षांपूर्वी पडला होता आणि मी त्याचं उत्तर साफ चुकीचं दिलं होतं. कॅम्पस प्लेसमेंटच्या वेळी माझ्या रेझ्युमेवर सहा लँग्वेज होत्या. सहा! त्यातल्या दोनमध्ये मी "हॅलो वर्ल्ड" च्या पुढे गेलेलो नव्हतो.

इंटरव्ह्यू घेणाऱ्या सरांनी रेझ्युमे पाहिला, हसले आणि म्हणाले, "फॅक्टोरियलचा प्रोग्राम सांग." हा तर जर्नलमधला पहिल्या पाचातला प्रोग्राम. धडाधड लिहून दाखवला. मग त्यांनी विचारलं, "कॉलेजमध्ये कशावर चालवायचास?" म्हटलं, टर्बो सी. "मग ८ दिल्यावर उत्तर काय येतं?" मी मनात गुणाकार केला आणि ४०३२० सांगितलं. "नक्की?" "हो सर." "बरं, कॉलेजला गेलास की एकदा चालवून बघ."

माझं सिलेक्शन झालं नाही. संध्याकाळी लॅबमध्ये जाऊन त्या निळ्या स्क्रीनवर ८ टाकलं. उत्तर आलं: -२५२१६.

एकाही पूर्णांकाचं फॅक्टोरियल उणे असू शकत नाही. तरी कॉम्प्युटरने ना एरर दिला, ना वॉर्निंग. आजचा लेख या -२५२१६ बद्दल आहे. हाच चार ओळींचा प्रोग्राम वेगवेगळ्या लँग्वेजमध्ये चालवला तर काय होतं आणि का होतं, एवढं पाहिलं की लँग्वेज एकामागून एक का जन्माला आल्या हे बरंच उलगडतं.

आधी त्या उणे आकड्याचा हिशोब

टर्बो सी मध्ये इंटिजर १६ बिटचा असतो. १६ बिटमध्ये एकूण ६५,५३६ वेगवेगळे आकडे मावतात. त्यातले अर्धे उणे आकड्यांसाठी राखून ठेवलेले, म्हणून हद्द -३२,७६८ ते ३२,७६७. गाडीच्या जुन्या मीटरमध्ये ९९,९९९ नंतर पुन्हा ००,००० यायचं ना, तसंच इथे ३२,७६७ च्या पुढे गेलं की काटा फिरून -३२,७६८ वर येतो. ४०,३२० मधून ६५,५३६ वजा करा. -२५,२१६. कॉम्प्युटरच्या दृष्टीने काहीच बिघडलेलं नाही.

पण इतकी छोटी हद्द ठेवली कुणी? यासाठी थोडं मागे जावं लागेल.

अगदी सुरुवातीला प्रोग्राम म्हणजे त्या-त्या मशीनचे आकडे. कुठल्या खान्यातली संख्या उचल, कुठल्या खान्यात मिळव, सगळं आकड्यांत. मग आकड्यांऐवजी छोटे शब्द आले, ती असेंब्ली. तरी मशीन बदललं की प्रोग्राम नव्याने लिहायचा. १९५७ मध्ये आयबीएमच्या जॉन बॅकस यांच्या टीमने फोरट्रान आणलं. त्यात गणिताचं सूत्र जवळपास वहीत लिहितो तसं लिहिता यायचं आणि त्याचं मशीनच्या भाषेत रूपांतर कंपायलर करायचा. तेव्हाच्या अनेक प्रोग्रामर्सना हे पटलं नव्हतं. हाताने लिहिलेल्या कोडइतका वेगवान कोड मशीन कसा लिहील, ही त्यांची शंका. (ओळखीचं वाटतंय ना?) मग व्यापारी हिशोबासाठी कोबोल आली. कोबोलमध्ये प्रत्येक रकमेला किती अंक लागतील, दशांश चिन्हानंतर किती, हे आधीच लिहून द्यायचं. तिला म्हातारी म्हणून हसतात, पण पैशांचा हिशोब कसा ठेवायचा हे तिला पहिल्यापासून कळत होतं.

सी आली १९७२ च्या सुमारास. बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी ती घडवली. केन थॉम्पसन यांच्या बी नावाच्या लँग्वेजवरून पुढे, म्हणून सी. काम होतं युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम लिहायचं आणि समोर होतं पीडीपी-११ नावाचं १६ बिटचं मशीन. ऑपरेटिंग सिस्टीम लिहिणाऱ्याला मशीन आणि आपल्यामध्ये कुणी लुडबूड केलेली नको असते. म्हणून सी ने ठरवलं की इंटिजर केवढा ते मशीनला सोयीचं असेल तसं, आणि हद्द ओलांडली का हे तपासत बसायचं नाही. तपासण्यात वेळ जातो. प्रोग्रामर शहाणा आहे, त्याचं तो बघेल.

टर्बो सी हे १९९० च्या आसपासच्या डॉस मशीनसाठी बनलेलं, तिथेही सोयीचे १६ बिटच. आज तुमच्या फोनवर सी चालवलंत तर इंटिजर ३२ बिटचा मिळेल आणि ८ चं उत्तर बरोबर येईल. १२ पर्यंत बरोबर येईल. १३ ला गाडी घसरेल.

खरं तर तेव्हा मला राग आला होता. चार वर्षं जो प्रोग्राम जर्नलमध्ये उतरवला, त्यात ५ च्या पुढचा आकडा कुणी टाकायला सांगितलाच नव्हता. पण टाकायला कुणी अडवलंही नव्हतं, हेही खरं.

जावाचं उत्तर: चुकेल, पण सगळीकडे सारखंच

पुढे सहा महिन्यांनी नोकरी लागली, ती जावावर. जावाची सुरुवात १९९१ मध्ये सन कंपनीत झाली. जेम्स गॉसलिंग आणि त्यांची टीम घरगुती इलेक्ट्रॉनिक उपकरणांसाठी काहीतरी बनवत होती. प्रत्येक उपकरणात चिप वेगळी. तिथे "मशीनला सोयीचं असेल तसं" हे धोरण चालणार कसं? १९९५ मध्ये जावा जाहीर झाली तेव्हा तिचा नियम होता की इंटिजर ३२ बिटचाच, मशीन कुठलंही असो.

मग १३ चं फॅक्टोरियल? खरं उत्तर ६,२२,७०,२०,८००. जावा सांगते १,९३,२०,५३,५०४. चूकच. आणि माझ्या मते ही चूक टर्बो सी पेक्षा वाईट. उणे आकडा पाहून माणूस दचकतो तरी. हा आकडा अधिक आहे, भरघोस आहे, रिपोर्टमध्ये छापून गेला तर कुणी ढुंकून बघणार नाही. जावाने मशीन-मशीनमधला फरक मिटवला, पण हद्दीचा प्रश्न तसाच ठेवला. मोठा आकडा हवा तर "लाँग" वापरा, ६४ बिट मिळतील, पण ते तुम्हाला सुचलं पाहिजे.

पायथन म्हणते, घे किती हवं ते

पायथनमध्ये १३ द्या, ५० द्या, १००० द्या. सगळे अंक बरोबर येतात. आकडा मोठा झाला की पायथन त्याला मेमरीत जास्त जागा देते, एवढंच. जागा संपेपर्यंत हद्द नाही.

खिदो व्हान रॉसम यांनी १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत पायथनवर काम सुरू केलं आणि १९९१ मध्ये ती लोकांसमोर आली. ते अ‍ॅमस्टरडॅमच्या ज्या संस्थेत होते तिथे एबीसी नावाची शिकायला सोपी लँग्वेज बनली होती, तिचा पायथनवर बराच प्रभाव आहे. गंमत म्हणजे पायथनमध्येही सुरुवातीला साधा इंटिजर आणि लाँग असे दोन प्रकार होते. हळूहळू ते जवळ आणले आणि २००८ च्या पायथन ३ मध्ये एकच प्रकार उरला. म्हणजे लँग्वेजसुद्धा शिकत जातात.

ही सोय फुकट मिळत नाही. आकड्यांची लांबलचक कामं पायथनमध्ये सी पेक्षा कितीतरी हळू चालतात. म्हणूनच मोठ्या डेटावर काम करणाऱ्या पायथनच्या लायब्ररी आतून बऱ्याचदा सी मध्ये लिहिलेल्या असतात. आणि अशा लायब्ररीत गेलात की हद्द पुन्हा हजर! नमपाय वापरताना मोठ्या गुणाकाराचं उणे उत्तर मी स्वतः पाहिलंय. जुना मित्र भेटल्यासारखं वाटलं.

जावास्क्रिप्ट आणि आमचे वाया गेलेले दोन दिवस

जावास्क्रिप्टमध्ये १३ चं उत्तर बरोबर येतं. २० चंही येतं. पुढे आकडे पूर्ण न दिसता घातांकात दिसायला लागतात आणि १७१ ला ती सरळ हात वर करते: "इन्फिनिटी". म्हणजे अनंत.

नेटस्केपमध्ये ब्रेंडन आइक यांनी जावास्क्रिप्टचा पहिला नमुना मे १९९५ मध्ये दहा दिवसांत बनवला. वेब पेजवर छोटीमोठी कामं करता यावीत आणि ती नवख्यालाही जमावीत, असा हेतू. म्हणून त्यांनी पूर्णांक आणि दशांश असा भेदच ठेवला नाही. आकडा म्हणजे आकडा. आतून मात्र तो ६४ बिटचा दशांशवाला आकडा असतो आणि त्यात पूर्णांकाची अचूकता ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ पर्यंतच, म्हणजे २ चा ५३ वा घात. त्यापुढे तो जवळच्या, त्याला लिहिता येण्यासारख्या आकड्यावर जाऊन बसतो. चुपचाप.

हे मला पुस्तकात कळलं नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी आमच्या टीमकडे तक्रार आली की काही ग्राहकांची ऑर्डर कस्टमर सपोर्टच्या स्क्रीनवर उघडतच नाही. ऑर्डर सापडली नाही म्हणते. पैसे कापले गेलेले आणि ग्राहक फोनवर ओरडतोय. सपोर्टच्या मुलींना आमच्यामुळे शिव्या खाव्या लागत होत्या. मी सर्व्हरकडचा, जावावाला. लॉग काढले, आयडी बरोबर जात होता. स्क्रीन बनवणारा मित्र जावास्क्रिप्टवाला. त्याने त्याचा कोड दाखवला, त्यातही काही चूक नव्हती. दोन दिवस आम्ही एकमेकांकडे बोट दाखवत होतो.

शेवटी दोघांनी शेजारी बसून दोन्ही स्क्रीनवरचे आयडी अंक-अंक करून ताडून पाहिले. आयडी १८ अंकी होते. समजा माझ्याकडून १२३४५६७८९०१२३४५६७८ असा आयडी गेला, तर त्याच्याकडे तो १२३४५६७८९०१२३४५६८० होत होता. शेवटचे दोन अंक पाहा. जावाच्या लाँगमध्ये तो अगदी आरामात मावतो, जावास्क्रिप्टच्या आकड्यात मावत नाही. शेवटी ७९ असलेला आयडीसुद्धा तिकडे ८० च होतो. त्याचा कोड बरोबर, माझाही बरोबर, ऑर्डर मात्र गायब.

उपाय एका ओळीचा निघाला. आयडी आकडा म्हणून न पाठवता अक्षरांची माळ, म्हणजे स्ट्रिंग म्हणून पाठवायचा. नंतर वाचताना कळलं की ट्विटरलाही २०१० मध्ये नेमकं हेच करावं लागलं होतं. त्यांचे आयडी मोठे झाले तेव्हा त्यांनी आकड्याच्या जोडीला तोच आयडी स्ट्रिंगमध्येही द्यायला सुरुवात केली. वाचून जरा बरं वाटलं. आता जावास्क्रिप्टमध्ये मोठ्या पूर्णांकांसाठी बिगइंट नावाचा वेगळा प्रकार आहे, २०२० च्या प्रमाण आवृत्तीपासून. पण तो आपणहून वापरला जात नाही, मुद्दाम मागावा लागतो.

त्या दोन दिवसांत आमच्यापैकी एकाला जरी दोन्ही लँग्वेज नीट येत असत्या, तर काम अर्ध्या तासाचं होतं.

रस्ट थांबते

पाचवी लँग्वेज रस्ट. तिची जन्मकथा छान आहे. ग्रेडन होअर २००६ मध्ये व्हँकुव्हरमध्ये राहायचे, एकविसाव्या मजल्यावर. एकदा घरी आले तर लिफ्ट बंद. तिचं सॉफ्टवेअर क्रॅश झालं होतं, आणि तेही पहिल्यांदा नाही. जिने चढताना त्यांच्या डोक्यात हाच विचार, की साधी लिफ्ट चालवणारा प्रोग्राम आपण क्रॅश न होता लिहू शकत नाही? अशा उपकरणांचे प्रोग्राम बहुतेक सी किंवा सी प्लस प्लसमध्ये असतात आणि त्यात मेमरीच्या चुका सहज होतात. सी चा वेग ठेवायचा आणि या चुका कंपायलरनेच पकडायच्या, असं रस्टचं ध्येय ठरलं. पुढे मोझिलाने पाठबळ दिलं आणि २०१५ मध्ये तिची १.० आवृत्ती आली.

रस्टमध्ये ३२ बिटचा आकडा घेऊन १३ चं फॅक्टोरियल काढलं, तर टेस्टिंगच्या साध्या बिल्डमध्ये प्रोग्राम तिथेच थांबतो आणि गुणाकार हद्दीबाहेर गेला असं सांगतो. अंतिम, वेगासाठी बनवलेल्या बिल्डमध्ये मात्र ही तपासणी मुळात बंद असते आणि तिथे काटा पुन्हा फिरतो. तपासणीची किंमत वेगात मोजावी लागते, हा १९७२ चाच पेच. फक्त आता निर्णय कधी कुठला घ्यायचा ते उघडपणे लिहून ठेवलंय.

अँड्रॉइड वापरणाऱ्यांसाठी एक जोड. कोटलिनची गोष्टही याच धाटणीची आहे, फक्त तिथे दुखणं होतं "नल", म्हणजे रिकामी जागा. ही कल्पना १९६५ मध्ये आणणाऱ्या टोनी होअर यांनीच पुढे तिला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. अ‍ॅप अचानक बंद पडण्यामागे नल अनेकदा असतो. कोटलिनमध्ये एखादी गोष्ट रिकामी असू शकते की नाही हे आधी लिहावं लागतं, नाहीतर कंपायलर पुढे जाऊ देत नाही. गुगलने २०१७ मध्ये तिला अँड्रॉइडसाठी अधिकृत केलं.

"शिक्षा" या शब्दासारखं

आता मूळ प्रश्न. अनेक लँग्वेज शिकायच्या का आणि कशा?

आपण मराठी मुलं हिंदी कशी शिकलो आठवा. लिपी तीच, निम्मे शब्द ओळखीचे, त्यामुळे वाचायला पहिल्या दिवसापासून येतं. आणि मग एखाद्या सरकारी पोस्टरवर "शिक्षा हर बच्चे का अधिकार" वाचून आपण चक्रावतो, की प्रत्येक मुलाला शिक्षा करायची? शब्द तोच, अर्थ दुसरा. दुसरी प्रोग्रामिंग लँग्वेज शिकताना सोपं जातं ते लिपीसारखं आणि अडवतं ते या "शिक्षा" सारखं. भागाकाराचं साधं चिन्ह घ्या. ७ भागिले २ सी मध्ये ३, जावामध्ये ३, जावास्क्रिप्टमध्ये ३.५. पायथन २ मध्ये ३ आणि पायथन ३ मध्ये ३.५. एकाच लँग्वेजच्या दोन आवृत्त्यांत अर्थ बदलला!

माझा अनुभव सांगतो. सी नीट कळायला वर्ष गेलं. लूप म्हणजे काय, फंक्शन म्हणजे काय, मेमरी म्हणजे काय, हे सगळं त्या वर्षातच आलं. जावाला दोन-तीन महिने लागले. पायथनमध्ये आठवड्यात काम करायला लागलो, पण पुढचे कित्येक महिने मी पायथनमध्ये जावाच लिहीत होतो. कोल्हापूरच्या माणसाने मुंबईत हिंदी बोलावी तसं. समजतं सगळ्यांना, पण सूर लपत नाही.

म्हणून पहिल्या लँग्वेजला घाई करू नका. तिच्यात निदान एखादी गोष्ट अशी बनवा, जी स्वतः रोज वापराल. कुठली घ्यायची यावर भांडत बसण्यात अर्थ नाही, कॉलेजात जी आहे ती घ्या. दुसरी मात्र पहिलीपेक्षा वेगळ्या स्वभावाची निवडा. जावानंतर लगेच सी शार्प शिकलात तर नोकरीला उपयोग होईल, डोक्याला फारसा नाही. सी नंतर पायथन, किंवा पायथननंतर रस्ट, असं केलंत की पहिल्या लँग्वेजने तुमच्या वतीने काय-काय ठरवून टाकलं होतं ते दिसायला लागतं. चार एकदम, तीन महिन्यांत? माझा रेझ्युमे तसाच बनला होता.

बहिणीला मी हेच सांगितलं आणि एक काम दिलं. फोनच्या ब्राउझरमध्ये ऑनलाइन कंपायलर उघडायचा आणि १ ते २५ ची फॅक्टोरियल सी, पायथन आणि जावास्क्रिप्टमध्ये काढायची. कुठे फरक पडतो ते मला सांगायचं. क्लासची फी तूर्त काकांच्या खात्यातच आहे.

फरक तिने त्याच रात्री पाठवले. पण परवा एक मेसेज आला, जो मी सांगितला नव्हता. ती वार दाखवणारा छोटा प्रोग्राम करत होती. रविवार ०, सोमवार १, शनिवार ६. कालचा वार हवा म्हणून आजच्यातून १ वजा करायचा आणि ७ ने भागून बाकी घ्यायची. रविवारी हे -१ होतं. पायथनने बाकी दिली ६, म्हणजे शनिवार. सी ने दिली -१. "दादा, हे काय? -१ वा वार कुठला?"

मी म्हटलं, जावास्क्रिप्टमध्ये बघ. पाच मिनिटांत स्क्रीनशॉट आला: -१. खाली लिहिलं होतं, "सी सारखंच. म्हणजे पायथन चुकतेय?"

कुणीच चुकत नाहीये. सी आणि जावास्क्रिप्ट भागाकार शून्याच्या दिशेने तोडतात, म्हणून भागाकार ० आणि बाकी -१. पायथन खालच्या पूर्णांकाकडे जाते, म्हणून भागाकार -१ आणि बाकी ६. दोन्हीत भागाकार गुणिले ७ अधिक बाकी करून पाहा, -१ च येतं. हे टाइप करत बसण्यापेक्षा मी सरळ फोन लावला. तिने उचलला आणि म्हणाली, "एक मिनिट दादा, वही घेते."